पितळेचं शहर आणि धान्याचं कोठार

अलिफ लैला म्हटलं की आपल्याकडे तीन नावं पटकन निघतात. अल्लाउद्दीन, अलीबाबा आणि सिंदबाद. यातली पहिली दोन नावं अलिफ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत नाहीतच. आंत्वान गालाँ या फ्रेंच अनुवादकाला १७०९ साली पॅरिसमध्ये हलब शहरातून आलेल्या हन्ना दियाब नावाच्या तरुणाने त्या गोष्टी सांगितल्या आणि तिथून त्या पुस्तकात आल्या. त्यांच्यावर सिनेमे निघाले, कार्टून निघाली, मुलांच्या दप्तरांवर आणि डब्यांवर त्यांची चित्रं आली. आणि जी गोष्ट मला या सगळ्या संग्रहातली सर्वांत मोठी वाटते, ती मात्र आपल्या मुलांनी ऐकलेलीही नसते.

त्या गोष्टीचं नाव 'मदीनतुन्नुहास', म्हणजे पितळेचं शहर. रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी अनुवादात ती ५६६ व्या रात्री सुरू होते आणि ५७८ व्या रात्री संपते. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. दोन्ही भाषांतल्या मुलांना ही गोष्ट माहीत असावी असं मला वाटतं. का वाटतं ते सांगण्यासाठी हा लेख आहे. पण आधी गोष्ट.

दमिश्कमध्ये खलिफा अब्दुल मलिक बिन मरवान (राज्यकाल ६८५ ते ७०५) यांचा दरबार भरला आहे. हजरत सुलेमान (अलैहिस्सलाम) यांनी बंडखोर जिन्नांना पितळेच्या सुरयांमध्ये कोंडून समुद्रात टाकल्याचा विषय निघतो. खलिफाला अशी एखादी सुरई पाहायची इच्छा होते. तालिब बिन सहल नावाचा दरबारी मग्रिबच्या सुभेदाराकडे, म्हणजे अमीर मूसा बिन नुसैर यांच्याकडे खलिफाचा खलिता घेऊन जातो. वाट दाखवायला एक वृद्ध माणूस निवडला जातो, शेख अब्दुस्समद. त्याने देश पाहिलेत, आणि जुन्या लिपी त्याला वाचता येतात. हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

वाळवंटात भटकत काफिला एका शहरापाशी पोहोचतो. काळ्या दगडांची उंच तटबंदी, आणि दोन पितळी बुरूज, जे लांबून आगीच्या लोळांसारखे दिसतात. शहराला २५ दरवाजे आहेत असं शेख सांगतो, पण बाहेरून एकही दिसत नाही. टेकडीवर चढून आत पाहिलं तर महाल, घुमट, वाहते पाट, फळांनी लगडलेली झाडं. माणूस एकही नाही. घुबडं तेवढी घुमतायत. मग महिनाभर खपून शिडी तयार होते. पहिला माणूस तटावर चढतो, आत पाहतो, टाळ्या वाजवतो, "अल्लाह, काय हे सौंदर्य!" अशा अर्थाचं काहीतरी ओरडतो आणि आत उडी घेऊन मरतो. दुसराही तसाच. असे १२ जण जातात. शेवटी म्हातारा शेख स्वतः अल्लाहचं नाव घेत चढतो. त्यालाही दिसतं. चंद्रासारख्या दहा मुली खुणावतायत आणि तटाखाली जणू पाण्याचं तळं आहे. तो पढत राहतो आणि तो देखावा विरून जातो. तटावरून चालत तो एका पितळी घोडेस्वाराच्या पुतळ्यापाशी येतो. पुतळ्याच्या तळहातावर काही कोरलेलं असतं. ते वाचून तो पुतळ्याच्या बेंबीतली खीळ १२ वेळा फिरवतो आणि दार उघडतं. आतल्या दरवाज्याच्या चाव्या एका म्हाताऱ्या राखणदाराच्या डोक्याजवळ लटकलेल्या असतात. राखणदार कधीचाच मेलेला.

अमीर मूसा निम्मी माणसं बाहेर ठेवून आत शिरतात. बाजार उघडे आहेत, तराजू टांगलेले आहेत, व्यापारी आपापल्या दुकानात बसलेले आहेत. सगळे मेलेले, कातडी हाडांवर सुकलेली. रेशमाचा बाजार, जवाहिऱ्यांचा बाजार, सराफांचा बाजार, अत्तरांचा बाजार. महालात राणी तदमुरा सिंहासनावर आहे आणि तिचे डोळे चमकतायत. अमीर मूसा तिला सलाम करतात. तालिब सांगतो, ती मेलेली आहे, डोळ्यांत पारा भरलाय म्हणून जिवंत वाटते. शेजारच्या सोन्याच्या पाटीवर तिनेच आपली हकीकत लिहून ठेवली आहे. सात वर्षं पाऊस पडला नाही. होतं ते खाऊन झालं, जनावरं कापून झाली. मग तिने खजिना मोजून विश्वासू माणसांच्या हाती दिला आणि धान्य आणायला देशोदेशी पाठवलं. ती माणसं खजिना जसाच्या तसा घेऊन परत आली. धान्य कुठेच मिळालं नाही. मग शहराने आपले दरवाजे लावून घेतले.

गोष्ट इथे संपत नाही, पण इथवर आपण थोडं थांबू.

ही गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा एका पालकांनी मला विचारलं होतं, "टीचर, जिन्न-परीच्या झूट्या कहाण्या कशाला शिकवता? त्यापेक्षा काही कामाचं शिकवा." प्रश्न रास्त आहे, आणि तो नवाही नाही. सहा शतकांपूर्वी इब्न खल्दून यांनी जवळपास हाच आक्षेप घेतला होता. १३७७ साली लिहिलेल्या 'मुकद्दिमा'मध्ये त्यांनी इतिहासकारांना खोट्यावर विश्वास ठेवल्याबद्दल फटकारलं आहे, आणि उदाहरणं देताना मसऊदीने नोंदवलेली हीच पितळी शहराची कथा घेतली आहे. त्यांचं म्हणणं असं की, सिजिल्मासाच्या वाळवंटातून वाटाडे आणि प्रवासी कायम ये-जा करतात, त्यांना असं शहर कधी लागलं नाही. धातू लोकांकडे भांडीकुंडी आणि सामान करण्यापुरता असतो, त्यातून अख्खं शहर उभारणं शक्य नाही. म्हणून ही हकीकत टाकून द्यावी.

इब्न खल्दून शंभर टक्के बरोबर आहेत. इतिहासाच्या पुस्तकात या शहराला जागा नाही. आजच्या व्हॉट्सॲपच्या काळात तर त्यांची ही कसोटी प्रत्येक मुलाला शिकवायला हवी. आलेली बातमी पुढे ढकलण्याआधी विचार कर की, असं घडू शकतं का? तिथून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ते पाहिलंय का? पण लक्षात घ्या, त्यांची हरकत आहे ती कथेला इतिहास म्हणण्यावर. मुलाला दोन्ही गोष्टी यायला हव्यात. हे घडलेलं नाही हेही कळायला हवं, आणि तरीही ही गोष्ट आपल्याबद्दल काय सांगते हेही विचारता यायला हवं. ज्याला पहिलं येत नाही तो अफवेला बळी पडतो. ज्याला दुसरं येत नाही तो पुस्तकातून फक्त माहिती काढतो आणि कोरडाच राहतो. त्या पालकांना मी एवढंच म्हटलं की, भाई, हेच कामाचं आहे.

आता गोष्ट काय सांगते याकडे येऊ. आपल्याकडे अशा किश्श्यांचा एक ठरलेला अर्थ असतो: दुनिया फानी आहे, दौलत इथेच राहणार. कथेत जागोजागी शिलालेख आहेत आणि ते सगळे हेच सांगतात. शहराजवळच्या डोंगरावर पांढऱ्या संगमरवराच्या सात पाट्या आहेत. त्या वाचून दाखवल्या जातात तेव्हा अमीर मूसा रडतात. हा अर्थ खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण तो अर्धा आहे, आणि त्या अर्ध्यावर थांबणं आपल्या सोयीचं आहे. दुनिया फानी आहे असं म्हणून उसासा टाकला की पुढे काही करावं लागत नाही.

मी मुलांना विचारते, हे शहर नेमकं कशाने मेलं? बहुतेक जण म्हणतात, दुष्काळाने. मग मी दुसरी एक गोष्ट समोर ठेवते, जी आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. कुरआनमधला १२ वा सूरा, सूरा युसुफ. तिथेही दुष्काळ सात वर्षांचाच आहे. मिस्रचा बादशाह स्वप्न पाहतो की, सात धष्टपुष्ट गायींना सात रोडक्या गायी खातायत. हजरत युसुफ (अलैहिस्सलाम) त्याचा अर्थ सांगतात, पण अर्थ सांगून थांबत नाहीत. सुकाळाच्या वर्षांत पेरत राहा, खाण्यापुरतं काढून बाकीचं धान्य कणसातच राहू द्या, असा उपाय सांगतात. पुढे कोठारांची जबाबदारी स्वतः मागून घेतात. दुष्काळ येतो तेव्हा मिस्र मरत नाही. उलट बाहेरची माणसं तिथे धान्यासाठी येतात.

दोन्हीकडे वर्षं सात, दोन्हीकडे पाऊस नाही. फरक कोठारात काय होतं याचा आहे. एकीकडे धान्य होतं, दुसरीकडे मोती. राणी तदमुराच्या पाटीवर सुकाळात धान्य साठवल्याचा एक शब्द नाही. आणि शहरातल्या बाजारांची यादी पुन्हा वाचून पाहा, तिच्यात मला धान्याचं दुकान सापडत नाही. ज्यांच्याकडे सगळं विकत घेण्याची ऐपत असते, त्यांना वाटतं की वेळ आली की विकत घेऊ. पण काही गोष्टी आधीपासून जमवाव्या लागतात, आयत्या वेळी त्या कुठल्याच बाजारात नसतात.

आणखी एक फरक दरवाज्यांचा. पितळेच्या शहराने संकटात दरवाजे लावून घेतले. युसुफच्या कथेत हजरत याकूब (अलैहिस्सलाम) आपल्या मुलांना सांगतात की, एकाच दरवाज्यातून जाऊ नका, वेगवेगळ्या दरवाज्यांतून आत जा. म्हणजे ऐन दुष्काळात त्या शहराचे अनेक दरवाजे परक्यांसाठी उघडे होते. शिवाय ज्या भावांनी त्यांना विहिरीत टाकलं, त्यांनी धान्यासाठी दिलेली किंमत हजरत युसुफ गुपचूप त्यांच्याच सामानात परत ठेवायला लावतात. एका शहरात खजिना मोजूनही धान्य मिळत नाही, आणि दुसऱ्यात धान्य मिळतं, वर पैसेही परत मिळतात. ह्या दोन शहरांची तुलना मुलं फार आवडीने करतात. फळ्यावर दोन रकाने आखले की पुढचं काम ती स्वतः करतात.

आता हे रकाने आपल्या समाजापुढे धरून पाहू. आपण कोठारात काय भरतोय? लग्नात हॉल, दावत, दागिने यांवर होणारा खर्च मी दरवर्षी पाहते. त्यासाठी कर्ज काढणारे बापही पाहते. मशिदीला संगमरवर बसवायचा म्हटलं की देणारे पुढे येतात, आणि त्यांची नियत चांगली असते यात मला शंका नाही. पण मोहल्ल्यात मुलांना संध्याकाळी बसून अभ्यास करता येईल अशी एक खोली हवी, मुलींना बारावीनंतर शिकण्यासाठी फी भरायला मदत हवी, वाचनालयाला चार कपाटं हवीत, असं म्हटलं की बैठक पुढच्या महिन्यावर जाते. शिक्षण, हुनर, आरोग्य आणि शेजाऱ्याशी असलेली ओळख हे आपलं धान्य. ते सुकाळातच पेरावं लागतं. नोकरीची जाहिरात आल्यावर किंवा दवाखान्याच्या दारात उभं राहिल्यावर ते पैसे मोजून मिळत नाही.

भिंतीबद्दलही बोललं पाहिजे. यावर माझे काही वाचक लगेच म्हणतील की, भिंत आम्ही कुठे बांधली? आणि ते चूक नाहीत. भाड्याचं घर शोधायला निघालेल्या माणसाचं नाव ऐकून खोली अचानक 'दिली गेली' असते, हा अनुभव आपल्यातल्या अनेकांना आहे. मोठ्या शहरांत गेट, रखवालदार आणि कॅमेरे लावलेल्या वसाहती उभ्या राहतायत, आणि त्यांच्या गेटवर आत कोण येणार याचे न लिहिलेले नियम असतात. तीही पितळेची शहरंच आहेत. आत सगळं आहे, आणि बाहेरच्याला दार दिसत नाही. जे हिंदू मित्र हा ब्लॉग वाचतात, त्यांना मी एवढंच विचारते की, तुमच्या सोसायटीच्या तटाला बाहेरून दिसणारं दार आहे का, ते एकदा बाहेर उभं राहून पाहाल?

पण इतरांनी बांधलेल्या भिंतीला आतून आपणही एक थर लावतो, हे आपल्याला नाकारता येणार नाही. मराठी आपली नाही, ती परीक्षेपुरती शिकायची, असं म्हणणारं घर हा थर लावतं. उर्दू फक्त 'त्यांची', असं म्हणणारं घर तोच थर पलीकडून लावतं. मी दोन्ही भाषा शिकवते, म्हणून मला हे दोन्ही बाजूंनी ऐकू येतं.

म्हणून मला त्या कथेतला शेख अब्दुस्समद सर्वांत जवळचा वाटतो. काफिल्यात सुभेदार आहेत, शिपाई आहेत, दौलतीचा माग काढणारा तालिब आहे. शहराचं दार मात्र त्यांच्यापैकी कोणीच उघडत नाही. उघडतो तो वाचता येणारा म्हातारा. वाटेतल्या प्रत्येक पाटीचा अर्थ तो इतरांना सांगतो. अमीर मूसा रडतात ते दगड पाहून नव्हे, तर दगडावरचे शब्द कोणीतरी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितले म्हणून. आणि तटावर १२ जणांचा जीव घेणारा देखावा त्यालाही दिसतोच. डोळ्यांसमोर भूल असताना जे पढायचं ते पढत राहण्याचं बळ त्याच्याकडे आहे, एवढाच फरक.

हेच काम आपल्याकडे अनुवादकांनी केलं आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १९ व्या शतकात 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' मराठीत आणायला सुरुवात केली. पुढे गौरी देशपांडे यांनी बर्टनचं अलिफ लैला १६ खंडांत मराठीत आणलं. उर्दूत रतननाथ सरशार या काश्मिरी पंडितांनी अलिफ लैला लिहिली. म्हणजे अरबांच्या या गोष्टी मराठीत आणल्या त्या ब्राह्मण घरातल्या लेखकांनी, आणि उर्दूत आणणाऱ्यांतही एक पंडित होते. भाषेवर कोणाचा शिक्का मारणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. आज उर्दू माध्यमातली एखादी मुलगी ग्रंथालयात जाऊन गौरीताईंचा खंड मागते, तेव्हा तटाला एक दार पडतं. मराठी माध्यमातला मुलगा 'अलिफ लैला' या शब्दाचा अर्थ एक हजार रात्री असा होतो हे शिकतो, तेव्हा दुसरं.

आता गोष्टीचा उरलेला भाग. राणीने पाटीवर लिहिलं आहे की, इथे येणाऱ्याने हवी तेवढी दौलत न्यावी, पण माझ्या अंगावरच्या वस्तूंना हात लावू नये, ते माझ्या मरणानंतरचं पांघरूण आहे. अमीर मूसा हे मानतात. तालिबला ते पटत नाही. मेलेल्या बाईला दागिने कशाला, सुती कापड पुरे, असं तो म्हणतो आणि सिंहासनाची पायरी चढतो. दोन बाजूंना उभ्या असलेल्या पुतळ्यांपैकी एक त्याच्यावर घाव घालतो आणि दुसरा त्याचं डोकं उडवतो. ती मेलेली आहे हे अमीरांना सांगणारा तालिबच होता, हे विसरू नका. त्याला माहिती सगळी होती. महालात दौलतीचा तुटवडा नव्हता आणि ती न्यायला कोणी मनाईही केली नव्हती. तरी त्याला मेलेल्याच्या अंगावरचं हवं होतं.

या प्रसंगावर वर्गात सगळ्यात जास्त चर्चा होते. तालिबचं म्हणणं हिशोबाने बरोबरच आहे, असं काही मुलं म्हणतात. मग दुसरी कोणीतरी म्हणते की, पण तिने नको म्हटलं होतं ना. मला यापेक्षा चांगला धडा कुठल्या मूल्यशिक्षणाच्या पुस्तकात सापडलेला नाही. गरज आणि हाव यांतला फरक, आणि समोरचा माणूस दुबळा असो, मेलेला असो, त्याच्या 'नको'ला असलेली किंमत.

शेवटी अमीर मूसा सुरया घेऊन दमिश्कला परततात, सुभेदारी मुलाच्या हाती देतात आणि उरलेलं आयुष्य इबादतीत घालवण्यासाठी जेरुसलेमला जातात. खऱ्या इतिहासातल्या मूसा बिन नुसैर यांच्या वाट्याला असा शेवट आला नाही. स्पेन जिंकून ते अमाप लूट घेऊन दमिश्कला आले, आणि नवा खलिफा सुलेमान बिन अब्दुल मलिक याच्या मर्जीतून उतरून अपमानित झाले. पुढे ७१६ च्या सुमारास ते वारले. कथा सांगणाऱ्यांनी त्यांना इतिहासापेक्षा चांगला शेवट दिला. पितळेचं शहर पाहून आलेला माणूस दौलतीमागे आणखी धावणार नाही, असं त्यांना वाटलं असावं.

शिक्षक मित्रांना आणि आई-वडिलांना माझं सांगणं साधं आहे. ही गोष्ट मुलांना सांगा. उर्दूत सांगा, मराठीत सांगा, दखनीत सांगा. सांगून झाल्यावर 'तात्पर्य' लिहून देऊ नका. फळ्यावर किंवा वहीत दोन रकाने आखा, एक पितळेच्या शहराचा आणि एक युसुफच्या मिस्रचा, आणि मुलांना ते भरू द्या. त्यानंतर तिसरा रकाना आखा आणि त्याच्या वर आपल्या मोहल्ल्याचं, गावाचं नाव लिहा. तो मात्र मोठ्यांनी भरायचा आहे. येत्या रमजानमध्ये जकातीचा हिशोब करायला बसाल तेव्हा तो रकाना समोर ठेवा. जमातीच्या बैठकीत त्यावर दहा मिनिटं जरी बोलणं झालं, तरी मला पुष्कळ आहे.